नत्थू राखणदाराचा डिसेंबर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या लहानशा वाचनालयात एक रीत होती. फौजदार काळमेघ नायक असलेल्या प्रत्येक रहस्यकादंबरीच्या शेवटी चार कोरे कागद डकवलेले असत. पुस्तक परत करताना वाचकानं त्यांवर दोन-चार ओळींत आपलं मत लिहायचं आणि खाली नाव न घालता सभासद क्रमांक टाकायचा. नियम एकच, खुनी कोण हे लिहायचं नाही. कोणी लिहिलंच तर ग्रंथपाल सीमाबाई त्या ओळींवर खाकी कागदाची पट्टी चिकटवत आणि त्या सभासदाला पुढचं काळमेघ सगळ्यांत शेवटी देत. ही शिक्षा लोकांना फार लागे.

किसनराव धोटे जानेवारीतल्या एका दुपारी तिथे आले आणि ‘रिकामी बाग’ आहे का, असं हळूच विचारू लागले. सीमाबाई म्हणाल्या, तुम्ही काळमेघ नेहमी सहा महिने उशिरा मागता, काका. किसनराव नुसते हसले. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस ‘अरविंद मेघश्याम’ या नावानं गेली छत्तीस वर्षं काळमेघ लिहीत होता, हे सीमाबाईंना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त नागपूरच्या प्रकाशकाला आणि घरी ललिताबाईंना. आधी सरकारी नोकरी म्हणून नाव लपवलं होतं. नोकरी संपली तोवर लपण्याची सवय झाली होती. सहा महिने थांबायचं कारणही साधं होतं. मतांचे कागद तोवर भरलेले असत.

या खेपेला मतं वाचणं त्यांना नेहमीपेक्षा जड जात होतं. ‘रिकामी बाग’ ही एकोणचाळिसावी कादंबरी. चाळिसावी अर्धी लिहून टेबलावर पडली होती आणि ती शेवटची म्हणून जाहीर करायची का, असं प्रकाशकानं विचारलं होतं. किसनरावांनी मनाशी ठरवलं होतं, वाचक काय म्हणतात ते बघायचं आणि मग कळवायचं. हात थकला की डोकं, हे त्यांचं त्यांना समजेनासं झालं होतं.

घरी येऊन त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि पुस्तक मागून उघडलं. पहिलं मत होतं, ‘सुरुवातीची शंभर पानं झोप येते, नंतर झोप उडते.’ खाली कोणी लिहिलं होतं, ‘मला उलट झालं.’ एकानं काळमेघांना आता पेन्शन द्या म्हटलं होतं. एका वाचकानं मात्र मनापासून लिहिलं होतं की शेवटच्या प्रकरणात फौजदारांनी ज्या एका वाक्यात गुन्हेगार पकडला ते वाक्य आपण घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. किसनरावांनी ते मत दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्याची लाज वाटली म्हणून पान उलटलं.

पुढच्या पानावर खाकी पट्टी होती. चांगली चार ओळी झाकणारी. खाली क्रमांक दिसत होता, ‘अम. ३१२’. अम म्हणजे अमरावतीचं वाचनालय. दोन्ही वाचनालयांत देवघेवीचा करार होता. दर तीन महिन्यांनी पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी एसटीच्या पार्सलनं इकडून तिकडे जायची आणि तिकडची इकडे यायची. म्हणजे हे पुस्तक अमरावतीला जाऊन आलं होतं.

खुनी कोण ते तर किसनरावांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मग त्या पट्टीखाली काय आहे हे बघायची त्यांना एवढी ओढ का लागावी? त्यांनी पान उजेडाकडे धरलं. खाकी कागद जाड होता. संध्याकाळी ललिताबाई चहा करत असताना ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ते पान चहाच्या वाफेवर धरू लागले. ललिताबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सरकारी नोकरीत कधी एक टाचणी घरी आणली नाही, अन् आता वाचनालयाचं पुस्तक शिजवून राहिले काय?”

पट्टी सुटली. खाली गोल, ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘नत्थूनं खून केला नाही. पान २३ वाचा, मग पान १७८ वाचा. फौजदार चुकले.’

किसनरावांनी दोन्ही पानं काढली. गोष्ट तशी सरळ होती. वरूडजवळच्या एका संत्रा-व्यापाऱ्याचा डिसेंबरच्या अखेरीला त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये खून होतो. त्याच्या बागेचा राखणदार नत्थू सांगतो की मी रात्रभर बागेत राखण करत होतो. पान १७८ वर काळमेघ त्याला विचारतात, ‘संत्री कधीच तोडून झाली. रिकाम्या बागेत राखण कसली करत होतास?’ नत्थू मान खाली घालतो. पुस्तक संपतं. पान २३ वर खून नव्हता, संशय नव्हता. नुसतं बागेचं वर्णन होतं. मालकानं मे महिन्यात बागेचं पाणी तोडलं, झाडांना ताण दिला, पानं गळली आणि पावसाबरोबर सगळी बाग फुलली. हे वर्णन त्यांचं स्वतःचं आवडतं होतं.

या दोन पानांचा एकमेकांशी काय संबंध, ते त्यांना कळेना. किसनराव जन्मानं नांदगाव खंडेश्वरचे, घरची शेती कपाशीची आणि तुरीची. संत्र्याबद्दल त्यांना जे माहीत होतं ते वरूडला एकदा दिवसभर हिंडून वहीत उतरवलेलं. त्यांनी ती वही शोधली. सकाळी एक बागाईतदार भेटला होता, दुपारी दुसरा. दोघांचं बोलणं एकाखाली एक लिहिलं होतं. वहीतही काही चुकलेलं दिसेना. वरूडला फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलणं ते नेहमीच टाळत. त्या रात्री त्यांना झोप लागली ती नत्थूच्या खाली घातलेल्या मानेचा विचार करतच.

गुरुवारी सकाळी ते मूर्तिजापूर मार्गे अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये बसले. ललिताबाईंना सांगितलं की वाचनालयाचं काम आहे. त्यांनी डबा दिला आणि जास्त काही विचारलं नाही.

अमरावतीच्या वाचनालयात त्यांनी अर्धा तास वर्तमानपत्र धरून धीर गोळा केला आणि मग काउंटरवरच्या सागर नावाच्या तरुणाला विचारलं, तीनशे बारा नंबरचे सभासद कधी येतात. सागरनं वर न बघता सांगितलं की बेबीताई घोरमाडे ना, त्या दर गुरुवारी चारला येतात आणि आल्या की तुम्हाला कळेलच.

चारला पाच कमी असताना सत्तरीतल्या एक बाई आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि सागरला ऐकवलं की यातला डॉक्टर जर खरा डॉक्टर असेल तर मी कलेक्टर आहे. किसनरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते उठले, जवळ गेले आणि म्हणाले की मी अकोल्याचा वाचक, तुमचं ‘रिकामी बाग’वरचं मत वाचलं.

“पट्टी नाई लावली सीमाबाईनं?” बेबीताईंनी विचारलं.

लावली होती, मी काढली, असं किसनरावांनी कबूल केलं. बेबीताईंनी त्यांच्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि बाकावर बसायला सरकून जागा केली.

त्या वरूडजवळच्याच. माहेरी बाग, सासरी बाग. नवरा गेल्यावर मुलाकडे अमरावतीला आल्या होत्या. नवऱ्यालाही काळमेघांचा नाद होता. नवरा-बायको एकच पुस्तक दोन खुणा घालून वाचत आणि आधी खुनी ओळखणाऱ्याला दुसऱ्यानं चहा करून द्यायचा, असं ठरलेलं होतं. एवढं सांगून त्यांनी विचारलं की तुमच्याकडे संत्रा आहे का. किसनराव म्हणाले, नाही, आमचं कापूस.

“तरीच,” त्या म्हणाल्या आणि एखाद्या पोराला पाढे शिकवावे तशा बोटांवर मोजू लागल्या. “हे पाहा. संत्र्याचे बहार दोन, एका साली त्यातला एकच धरते. हिवाळ्यात पाणी तोडलं तं आंबिया. त्याचं फळ दिवाळीच्या आगंमागं तोडते, डिसेंबरात बाग रिकामी. पण उनाळ्यात पाणी तोडलं तं मृग. त्याची फुलं पावसात अन् फळ फेब्रुवारी-मार्चात. आता पान तेवीसवर मालकानं पाणी कवा तोडलं?”

“मे महिन्यात,” किसनराव म्हणाले.

“मंग डिसेंबरात बाग रिकामी कशी राहीन? झाडावर हिरवी फळं लोंबून राहिली. चोरं तवाच येते. राखणदार बागेत नाई राहीन तं कुठी राहीन?”

वहीतली दोन माणसं किसनरावांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सकाळचा मृगवाला होता, दुपारचा आंबियावाला. दोघांपैकी कोणीही बहाराचं नाव घेतलं नव्हतं. संत्र्याच्या माणसापुढे संत्र्याचा माणूसच बसला आहे, असं त्यांना वाटलं असणार. एकाचं बोलणं तेविसाव्या पानावर गेलं, दुसऱ्याचं एकशे अठ्ठ्याहत्तराव्या पानावर, आणि मधल्या जागेत नत्थू सापडला.

तरी ते दबकत म्हणाले की नत्थूनं मान खाली घातली, म्हणजे एक प्रकारे कबूलच केलं ना.

बेबीताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आमच्या ह्यांनी अकरा डिसेंबर बागेत काढले,” त्या म्हणाल्या. “राखणदार ठेवायची ऐपत नोती तवा. त्याहिले जर एखाद्या फौजदारानं असं विचारलं असतं नं, तं त्याहिनंबी मान खालीच घातली असती. समोर फौजदार, चार माणसं. गरीब माणूस मान वर करून सांगते काय, का साहेब, तुमाले बहार नाई समजत?”

किसनरावांना छत्तीस वर्षांत कोणाच्या टीकेनं असं झालं नव्हतं. वाक्य वाईट आहे, गोष्ट लांबली आहे, हे ते स्वतःच स्वतःला रोज म्हणत. पण कोणावर अन्याय केलास, असं त्यांना कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “दोन बागांचं एक केलं मी. विचारायला हवं होतं.”

बेबीताईंनी मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याची जुनी काडी, शर्टाच्या खिशातली दोन पेनं, उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा घट्टा, सगळं त्यांनी सावकाश तपासलं. एकोणचाळीस पुस्तकं वाचून काही तरी शिकल्या होत्याच.

“असं आहे तं,” त्या म्हणाल्या.

किसनराव खाली बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्याच ध्यानात आलं की आपणही मान खाली घातली आहे.

बेबीताईंनी आवाज उतरवला. मी कोणाले सांगत नाही, माझ्यावर कोण विश्वास ठेवीन, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. किसनरावांनी मग जे कधी ललिताबाईंनाही नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पुढची कादंबरी शेवटची करायचं चाललं आहे. काळमेघ आजवर एकदाही चुकलेले नाहीत. ते चुकतात म्हटलं तर आधीच्या अडतीस प्रकरणांवरही लोकांचा विश्वास राहणार नाही. तेव्हा गुपचूप थांबावं हेच बरं, नाही का?

“थांबा नं,” बेबीताई म्हणाल्या. “तुमी थांबान, काळमेघ पेन्शन घेईन. नत्थू कुठी राहीन तेवढं सांगा.”

नत्थू जन्मठेपेवर होता. त्याला तिथे किसनरावांनीच पाठवलं होतं.

उठता उठता त्यांनी विचारलं, मग खून केला कोणी, तुम्हाला काय वाटतं. बेबीताई म्हणाल्या की ते मले काय मालूम, मी बागेपुरतं सांगितलं. शेडमध्ये कोण होतं ते तुमी पाहा.

परतीच्या बसमध्ये बडनेरा मागे पडेपर्यंत ते शेडमध्ये कोण होतं तेच बघत होते. व्यापाऱ्याचा भाचा योगेश त्या रात्री पेट्यांना चिठ्ठ्या लावत होता, हे त्यांनीच लिहिलं होतं. पण चिठ्ठ्या कसल्या? माल जर झाडावरच होता तर शेडमध्ये पेट्या कोणत्या भरल्या जात होत्या? किसनराव सीटवर सरळ बसले. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्वतःच्या पुस्तकात पुढे काय आहे याची अशी उत्सुकता त्यांना कितीतरी वर्षांत वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी ललिताबाईंना सगळं सांगितलं आणि काळमेघ चुकला तर चालेल का, असं विचारलं. ललिताबाई म्हणाल्या, “चुकला तर चुकला. तो काय देव आहे? तुम्हीच लिहिता त्याले.” टेबलावरचं अर्धं हस्तलिखित किसनरावांनी खणात ठेवलं आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहिली. फौजदार काळमेघ वरूडला एका मृगाच्या बागेत उभे होते, महिना डिसेंबरचा होता आणि त्यांच्या डोक्यावर हिरवं फळ लोंबत होतं. प्रकाशकाला पत्र गेलं की शेवटची म्हणून जाहीर करू नका. त्याआधी ते दोनदा वरूडला जाऊन आले आणि या वेळी भेटेल त्याला पहिला प्रश्न विचारला, तुमचा बहार कोणता.

पुस्तक दिवाळीनंतर आलं. पुढच्या एप्रिलात अमरावतीची पेटी आल्याचं कळल्यावर किसनराव जठारपेठेत गेले. सीमाबाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. उन्हात उभं राहूनच त्यांनी मागची पानं उघडली. ‘काळमेघ चुकतात हे पटलं नाही. लेखक थकला.’ त्याखाली, ‘फौजदार तुरुंगाच्या फाटकापाशी नत्थूची माफी मागतात तिथे पुस्तक बंद करून बसलो.’ मग आणखी दोघांचं भांडण, पेन्शनवाल्याची जुनीच मागणी, आणि सगळ्यांत खाली गोल, ठळक अक्षर. यावर पट्टी नव्हती.

‘नत्थू सुटला. वेळ लावला, पण सुटला. खुनी मात्र मले पान ४१ वरच समजला. अम. ३१२.’

किसनराव तिथेच पायरीवर बसले आणि पान एक्केचाळीस काढून, बोट ठेवून, ओळीमागून ओळ वाचू लागले.