जातानाचं वजन

"गाडी रिकामी असताना माप घ्यायचं नाही. बसणारी माणसं आधी बसवा, मग इंजिनाला जागा द्या."

हे माझे सासरे सांगायचे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला एका जुन्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं. "सूनबाई, हलू नकोस," म्हणाले आणि खाली शिरले. नव्या सुनेचा पहिला उपयोग वजन म्हणून झाला, ही चेष्टा गल्लीत पुष्कळ दिवस चालली.

त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले. पावाच्या लादीसारखी त्यांची चौकोनी रशियन गाडी आता माझा नवरा, तुरात, चालवतो. शेजारच्या सानाबारला तो त्याच गाडीतून घाटापलीकडे नारीन शहरातल्या दवाखान्यात नेतो. ती थोरल्या बहिणीसारखी, म्हणून आम्ही सगळे तिला एजे म्हणतो. तिची मूत्रपिंडं गेलीत. एक दिवसाआड यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागतं. खेप चुकली की पाणी छातीत चढतं.

रविवारी गाडीचं इंजिन कायमचं बसलं. सोमवारी आणि बुधवारी तिच्या दिरानं तिला नेलं. पण तो आता मेंढरं घेऊन वरच्या कुरणाकडे निघून गेला होता. शुक्रवारसाठी गल्लीत दुसरी गाडी नव्हती. तुरातनं तिला शब्द दिला, "एजे, शुक्रवारी उजाडताना गाडी तुझ्या दारात."

शहराच्या बाजारातून त्यानं जुनं जपानी डिझेल इंजिन आणलं. ते या गाडीसाठी बनलेलंच नव्हतं. त्याचे पाय एकीकडे, चासीची भोकं दुसरीकडे. त्यामुळे माउंटिंग, म्हणजे इंजिन चासीला धरणारे आधार, घरीच घडवायची होती. इंजिन चेनकप्पीला टांगून त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्याचे नमुने कापले, त्यावरून जाड पत्रा कापला, मोडक्या ट्रकचे रबरी बुश बसवले आणि वेल्डिंगचे कच्चे टाके मारले. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे सुजले. गुरुवारी दुपारी तो गार चहात भिजवलेला फडका डोळ्यांवर ठेवून भिंतीशी बसला होता.

"झालं?" मी विचारलं.

"पक्की वेल्डिंग राहिलीय."

"माणसं बसवून बघितलंत?"

त्यानं फडका उलटून पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाला, "आता कुणाकुणाच्या दारात जाऊ? इंजिनाखाली चार बोटं जागा आहे. पुरे झाली."

"अब्बा म्हणायचे—"

"अब्बांना तीन दिवस जागरण नव्हतं."

मी वाद घातला नाही. माझा गुरुवारचा रोजा होता. त्या दिवशी मी आवाज चढवत नाही. गुरुवारी मी गेलेल्यांच्या नावानं सात रोट्या तळते. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो, असं आम्ही मानतो. रोट्या तळून झाल्या, दुआ झाली. मग त्या वाटायच्या असतात, शेजाऱ्यांच्या तोंडी लागायला हव्यात. दर वेळी मी घरोघर नेऊन देते. त्या दिवशी परात घेऊन गाडीत जाऊन बसले आणि गल्लीत निरोप धाडला, की आजच्या रोट्या गाडीत आहेत.

आधी कादिर बायके आले; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही बायके म्हणतो. म्हातारे, पण देह बैलासारखा. दारातच थांबले. "जेवायला बोलावलंय की तोलायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. "तुम्ही पुढे बसा."

"मला पुढे? म्हणजे गाडीचा कडेलोट करायचाय!"

मागून शेजारची बुरुल आली, कडेवर लेक. तिच्यामागे तिची सासू आली ती बोलतच. "सरका की बायके, तुमची मांडी म्हणजे आख्खं गाव!" गाडी भरली. थर्मासमधून चहा ओतला जाऊ लागला.

सानाबार एजे काठी टेकत शेवटी आली. पाय सुजून तिच्या चपला अर्ध्याच चढल्या होत्या. तिला चहा चालत नाही. तिनं रोटीचा तुकडा तोंडात धरला आणि दुआ म्हटली. मग डोळ्यांवरचा फडका बाजूला करून बघत असलेल्या तुरातला म्हणाली, "माझं माप आजच घे. मी येताना हलकी असते रे. जाताना पाण्यानं जड. जातानाचं वजन धर."

तुरात उठला. गाडीखाली सरपटला.

"किती आहे?" कादिर बायकेंनी वरून विचारलं.

"बोट जात नाही," खालून आवाज आला.

"मग मी जरा हलू का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सीटवर एक उसळी घेतली. स्प्रिंगचे पाटे दबले, पुढचा अॅक्सल वर आला आणि इंजिनाच्या तेलाच्या चेंबरवर आदळला. टण्. घाटातल्या पहिल्या खड्ड्यातच चेंबर फुटलं असतं. बुरुलची लेक तेवढी हसली, तिला आवाज आवडला होता.

तुरात खालून बाहेर आला. कपाळावर काजळी, डोळ्यांतून पाणी. तो एजेकडे बघेना.

"कापावं लागेल," तो मला म्हणाला. "सगळं पुन्हा."

"कापा," मी म्हटलं. "रोटी खाऊन कापा."

"तुझं काय?"

"सूर्य बुडू दे."

माणसं तशीच बसून राहिली. त्यानं बोल्ट सोडले, जॅक लावून इंजिन दोन बोटं वर घेतलं, खडूनं नव्या खुणा केल्या, मगच सगळ्यांना उतरू दिलं. उतरताना कादिर बायके म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मटण ठेव. रोटीवर एवढं वजन टिकत नाही."

पुढे ग्राइंडर रडत राहिला. मी संध्याकाळची मगरिब पढले, रात्रीची इशा पढले, त्याच्यासाठी दोनदा चहा नेला. इंजिन वर आल्यामुळे त्याच्यावरचं, गाडीच्या आतलं झाकण बसेना. मी फटीत जुन्या नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची पट्टी शिवून दिली. दुआ अशी कुठलीही मागितली नाही, नुसतं अल्लाहचं नाव घेत राहिले.

पहाटेची फजरची नमाज आटोपून मी जानमाजच्या चटईची घडी करत होते, तेव्हा तुरातनं तोंड धुतलं. डोळे लाल, बोटांना भाजल्याचे डाग. "झोपलात का थोडं?" मी विचारलं.

"येऊन झोपतो."

परातीत सातवी रोटी उरली होती. ती मी फडक्यात बांधून दिली. त्यानं ती कोटाच्या आत ठेवली, बिस्मिल्ला म्हणून फाटक उघडलं. गाडी सुरू केली नाही. काल वजन द्यायला आलेली गल्ली अजून झोपलेली होती. गियर मोकळा करून, दाराला खांदा लावून त्यानं तिला उतारावर सोडलं आणि चालत्या गाडीत चढून अंधारातच एजेच्या दाराकडे निघाला.