एका नंबरचे दोन मालक

टेलरकाकांना सकाळी मोबाइलवर मेसेज आला : 'तुमच्या नंबरसाठी नवं सिम मागितलं आहे. तुम्ही मागितलं नसेल तर लगेच कळवा.' ते हसण्यावारी नेणार होते, पण काकूंनी डोळे वटारले.

"काल फोनवर कुणाला तरी जन्मतारीख, पत्ता, सगळं सांगत होतात ना? म्हणे बक्षीस लागलंय! आधी दुकानात जा."

काका मुकाट्याने सिमच्या दुकानात रांगेत उभे राहिले. पुढचा माणूस काउंटरवरच्या मुलीला म्हणत होता, "फोन हरवलाय हो. सकाळी अर्ज केलाय, नवं सिम द्या." मग त्याने घडाघडा नंबर सांगितला. तो काकांचाच होता! पाठोपाठ काकांचं नाव, जन्मतारीखही. काका मागूनच त्याला निरखू लागले.

मुलीने खात्रीसाठी तो नंबर लावला, तर काकांच्या खिशात फोन वाजला. गडबडून त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो, तुमचा फोन हरवलाय का?"

"नाही हो ताई, माझ्या कानालाच आहे!"

भामट्याने धूम ठोकली. सिम त्याला मिळालं असतं, तर बँकेचे सगळे ओटीपीही त्यालाच गेले असते, हे मुलीने काकांना सांगितलं. तिने त्यांच्या नंबरला गुप्त पिन लावून दिला. आता तो सांगितल्याशिवाय कुणालाच सिम बदलता येणार नव्हतं.

तक्रार नोंदवताना पोलिसांनी भामट्याचं वर्णन विचारलं. काकांना चेहरा काही आठवेना.

"कंबर चौतीस, डावा खांदा उतरता," ते म्हणाले, "आणि पँट कुणीतरी फारच वाईट शिवलीय."