लखलखाट: नाही

मी एक जुनी माहितीपट्टी आहे. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जहाजे बांधणाऱ्या एका गावात तंत्रशाळा आहे. तिथल्या एका ऑनलाइन धड्याच्या खाली मी राहते. धडा कोणाचा, किती मिनिटांचा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खाली अक्षरे उमटतात का, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्र कोणी बोलून सांगते का, हे सगळे माझ्या रकान्यांत लिहिलेले असते. मित्रांनो, मला सहसा कोणी वाचत नाही. ज्यांना वाचावेच लागते तेवढेच वाचतात. अशाच एका मुलीचे डोके माझ्यामुळे फुटले, आणि तेच मला सांगायचे आहे.

माझा धडा अर्मासचा. अर्मास वेल्डिंग शिकवतो. मानेवर भाजल्याचे डाग, आणि चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. त्याने कॅमेऱ्यावर काळी काच न लावताच जहाजाचा पत्रा जोडला होता, त्यामुळे पडद्यावर सहा मिनिटे नुसता पांढरा जाळ फडफडतो. ग्रंथालयातल्या हिल्काने तो पाहिला, डोळे चोळले आणि मला लिहायला घेतले. सगळ्या शाळांनी मिळून ठरवलेले चौदा रकाने तिने एकेक करून भरले. धोक्याच्या रकान्यात लिहिले, ‘लखलखाट: आहे. फेफरे येणाऱ्यांनी पाहू नये.’

“एवढं बारीकसारीक कोण वाचतं गं?” अर्मास म्हणाला.

“ज्याच्या जिवावर बेतणार असतं तो.”

नऊ वर्षे मी तो शब्द छातीवर घेऊन बसले होते. मग साइमा शाळेत आली. वय सतरा. लहानपणापासून फेफरे यायचे, पण तीन वर्षे झाली, एकदाही आले नव्हते. जहाजाचे सांधे तपासणारी तपासनीस व्हायचे, एवढा एकच ध्यास. कुठलाही धडा उघडण्याआधी ती पट्टी वाचायची. मला वाचून तिने दोनदा माझा धडा सोडून दिला. दोन्ही वेळा मला वाटले, आपला जन्म कामी आला.

त्या हिवाळ्यात शाळेने धडे साठवायला नवे ऑनलाइन कोठार घेतले. चार हजार धडे तिकडे हलवायचे होते. आमच्याकडे अशी कामे तल्कोत करून उरकतात. सगळ्यांनी मिळून फुकट राबायचे, कॉफी आणि दालचिनीचे पाव खायचे, आणि शेवटच्या माणसाचे काम होईपर्यंत कोणी सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जायचे नाही. नव्या कोठारात धोक्याच्या रकान्याचे नाव वेगळे होते. जुने त्यात बसेना, म्हणून यंत्राने ते सरळ छाटून टाकले. माझा रकाना कोरा झाला आणि शेजारी लाल खूण उमटली. आता ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ यांतले एक निवडायचे होते. ‘माहीत नाही’ लिहिले तरी लाल खूण जात नव्हती.

हिल्का बर्फावर पाय मोडून घरी पडून होती. तिने फोन केला.

“अर्मास, तुझे धडे मी सोमवारी बघते. तोवर ‘माहीत नाही’ राहू दे.”

“लाल दिसतं ते. सगळ्यांचं झालंय, माझंच घोडं अडलंय. लोक टॉवेल घेऊन उभे आहेत.”

“राहू देत उभे. मरत नाही कोणी.”

“बरं, बरं.”

त्याने फोन ठेवला. दहाजणांना ताटकळत ठेवायचे, ही इथे चोरीपेक्षा मोठी लाज. “धोका कसला डोंबलाचा? ठिणगी काय पडद्याबाहेर येते?” असे पुटपुटत त्याने ‘नाही’वर बोट दाबले. लाल खूण गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडू शकत नव्हते.

सोमवारी सकाळचा पहिलाच तास कार्यशाळेत होता. भिंतीवर काचेचा मोठा पडदा होता आणि अर्मास त्यावर माझा धडा लावत होता.

“अर्मास, यात लखलखाट होता ना?” साइमाने विचारले. इथे मास्तरांनाही नावानेच हाक मारतात.

“पट्टीवर बघ की. नव्याने मीच भरलीय.”

तिने मला वाचले. माझ्यावर विश्वास ठेवला. पहिल्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या मिनिटाला तिची मान पिळवटली, हात उडाले आणि ती आडवी कोसळली. कपाळ लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळले. मग तोंड फरशीवर आपटून दोन दात उडाले. टाचा थाडथाड आपटत होत्या, तोंडातून रक्ताचा फेस येत होता, आणि वर माझा जाळ चालूच!

“बंद कर! अरे बंद कर ते!” पोरे किंचाळली.

अर्मासला रिमोट सापडेना. त्याने हातोडी उचलली आणि पडद्यावर घातली. एक घाव. दुसरा. तिसऱ्या घावाला काच फुटली आणि माझ्यासकट सगळे काळे झाले. माझ्या जन्मात मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

बुधवारी साइमाचा बाप ओइवा ग्रंथालयात आला. गोदीत क्रेन चालवणारा, दार भरून उरेल असा माणूस. हिल्का कुबडी घेऊन आली होती आणि तिच्या संगणकावर मी उघडी होते.

“तूच का तो?” त्याने अर्मासला विचारले.

“मीच.”

ठोसा बसला. दुसरा बसला. अर्मासच्या नाकातून रक्ताची धार लागली, पण त्याचे हात खिशातच.

“मार की उलटा, म्हाताऱ्या! हात नाहीत का तुला?”

“आहेत. त्यांनीच बटण दाबलं.”

हिल्काने कुबडी टेबलावर आपटली. “ओइवा, पुरे! ग्रंथालय आहे हे, खाटिकखाना नाही.” मग तिने कपाटातून माझी जुनी छापील प्रत काढली आणि अर्माससमोर ठेवली. ‘लखलखाट: आहे.’ त्याने ते वाचले. रक्ताचा थेंब त्या शब्दावर पडला. एवढ्या वयाचा अर्मास खाली फरशीवर बसून हुंदके देऊ लागला.

साइमा वाचली. पण फेफरे परत सुरू झाले. सबंध एक वर्ष फेफरे आले नाही तरच जहाजावर चढायचे, असे डॉक्टरांनी बजावले, आणि गोदीतली तिची त्या वर्षीची जागा दुसऱ्याला मिळाली. ते वर्ष मी खाल्ले, मित्रांनो. कोणी काही म्हणो, ‘नाही’ माझ्याच अंगावर लिहिलेले होते.

बर्फ वितळल्यावर ती ग्रंथालयात आली. कपाळावर टाक्यांचा वण, तोंडात दोन नवे दात.

“साइमा, मी...” अर्मास उठला.

“गप रे. सरक तिकडे.” ती त्याच्या खुर्चीवर बसली आणि तिने माझे शेवटचे रकाने स्वतः भरले.

माझी एकच विनवणी आहे. मला भरताना घाई करू नका. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. लाल खुणेने कोणाचे दात पडत नाहीत. आणि कधी माझ्याकडे आलात, तर शेवटपर्यंत वाचून जा.

लखलखाट: आहे.
तपासणी कोणी केली: साइमा.
कशी केली: पाहून.