जमिनीवरची फळं

ऑलिव्ह मोठं की क्लेमेंटाइन, हा वाद आमच्या घरात माझी धाकटी बहीण व्हानिना लग्न होऊन खाली सपाटीवर गेली तेव्हापासून चालू आहे. आम्ही डोंगरातले ऑलिव्हवाले. तिच्या सासरी क्लेमेंटाइनच्या बागा. दिसायला छोटं संत्रं, साल नखाने निघते, बी नाही. आमच्या कॉर्सिका बेटावर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या टेबलावर यावरून जुंपतेच.

"दादा, तुझं ऑलिव्ह झाडावरून तोडून थेट तोंडात टाक बघू," व्हानिना म्हणायची. "लगेच थुंकशील. कित्येक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय ते माणसात येत नाही."

"आणि तुझं ते? पंधरा दिवसांत मऊ. माझी झाडं आजोबांच्या आजोबांनी लावलीत."

"म्हणून तर तुम्ही डोंगरवाले असे. म्हातारे आणि कडू."

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण मनातून मला खरंच वाटायचं की क्लेमेंटाइन हे लाडावलेलं फळ आहे. त्याला पिकवायला अक्कल लागत नाही.

आमच्याकडे ऑलिव्हच्या झाडाला काठी लावत नाहीत. थंडी सरत आली की खाली जाळी पसरायची आणि वाट बघायची. फळ आपणहून पडलं की ते पिकलं. फांदी हलवणाऱ्याला गावात नावं ठेवतात. लहानपणापासून माझ्या हाताला एकच वळण, पडलेलं फळ म्हणजे उत्तम फळ.

दोन वर्षांमागे ऐन नोव्हेंबरात व्हानिनाच्या नवऱ्याचा, माटेऊचा, पाय मोडला. तोडणीला माणसं कमी पडत होती. मी मिशीवर ताव देत खाली उतरलो. तिने मला लाहसेनच्या जोडीला दिलं. लाहसेन मोरोक्कोचा, पंचेचाळिशीचा. नऊ हंगाम तिच्याकडे येत होता. दरवर्षी व्हानिनाने सही करून कागद पाठवला की त्याला इकडे यायची परवानगी मिळायची. त्या कागदावर त्याचं घर चालायचं.

"काका, ओढायचं नाही," त्याने कात्री हातात देत मला शिकवलं. "ओढलं की देठाशी साल फाटते. कात्रीने कापायचं, दोन पानं ठेवून. पान ताजं दिसलं की गिऱ्हाइकाला फळ ताजं कळतं. आणि जमिनीवरचं उचलायचं नाही. ते मेलं."

"मेलं? अरे, मी चाळीस वर्षं जमिनीवरचंच उचलतोय."

"ते ऑलिव्ह, काका."

मला ते लागलं. हा मला फळं शिकवणार!

चौथ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर रात्रीच्या वाऱ्याने जमीन नुसती केशरी झाली होती. इतकी फळं मातीत, आणि माणसं त्यांना बुटाने बाजूला सारत पुढे चाललेली. मला बघवेना. लाहसेन ओळीच्या पुढच्या टोकाला होता. मी वाकलो. एकेक फळ उचलून बाहीला पुसलं, क्रेटच्या तळाशी घातलं आणि वर कापलेली, पानांची फळं रचली. संध्याकाळपर्यंत चाळीसेक क्रेट तसे भरले. स्वतःवर खूश होतो. सपाटीवाल्यांचा माज आणि माझी काटकसर, असं काहीतरी डोक्यात घोळत होतं.

प्रत्येक क्रेटवर तोडणाऱ्याचा नंबर असतो. मी पडलो मालकिणीचा भाऊ, मला नंबर नव्हता. आमच्या ओळीचे सगळे क्रेट लाहसेनच्या सात नंबरावर गेले. आणि सात नंबरचा क्रेट कोणी उलटून बघत नसे, इतका त्याच्यावर भरवसा.

दहा दिवसांनी मार्सेयच्या बाजारातून तोच माल घेऊन ट्रक परत आला. ज्या फळाला आपटून मार बसतो त्याला बुरशी धरते, आणि ती शेजारच्याला सोडत नाही. व्हानिनाने शेडमध्ये सगळ्या मजुरांसमोर क्रेट रिकामे केले. हिरवी भुकटी उडाली. प्रत्येकावर सात.

"लाहसेन, हे काय आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी भिंतीशी उभा राहून क्लेमेंटाइन सोलत होतो.

"नंबर माझाच आहे, ताई," तो म्हणाला.

"आणखी कोणाला काही सांगायचंय?" व्हानिनाने विचारलं. थांबली. पुन्हा विचारलं, "कोणालाच नाही?"

मी सालीचे बारीक बारीक तुकडे करत राहिलो. एक वाक्य होतं, तीन-चार शब्दांचं. पण तिथे सगळे होते, आणि मी दोन आठवडे त्यांना डोंगरातल्या अकलेच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"पुढच्या वर्षी कागद पाठवणार नाही," ती लाहसेनला म्हणाली.

मी घरी परतलो. फेब्रुवारीत जाळी पसरली, मार्चमध्ये ऑलिव्ह पडू लागली. रात्रभर पडलेली सकाळी गोळा करायला वाकायचो आणि कानशिलं तापायची. माझी मलाच किळस आली होती. शेवटी एप्रिलमध्ये तेलाचा डबा घेऊन खाली गेलो आणि व्हानिनाला सगळं सांगितलं.

ती भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही.

"माहीत आहे, दादा. तळाच्या एकाही फळाला पान नव्हतं. लाहसेन पान ठेवल्याशिवाय कापतच नाही."

"मग त्याचं नाव का घेतलंस?"

"तुझं घ्यायला हवं होतं? सगळ्यांसमोर?" तिने नळ बंद केला. "दोनदा विचारलं मी. तू सोलत बसलास. आणि मीही तुला सोलू दिलं. मला काही कमी लाज वाटत नाही, कळलं?"

मग तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

"लाहसेन, मी ओर्सु. ती फळं मी..."

"तुमच्या बाहीला माती होती, काका."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

व्हानिना कागद पाठवते आहे, एवढंच कसंबसं सांगितलं.

"येईन," तो म्हणाला. "पण तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर. फोनवर नाही."

नोव्हेंबरात तोडणीच्या पहिल्या दिवशी सांगितलं. फळांवरचं दव वाळेपर्यंत कात्री लावत नाहीत, तेव्हा सगळे शेडपाशी उभे असतात. उन्हाळाभर घोकलेलं वाक्य होतं. "गेल्या वर्षीचे ते क्रेट माझे होते," मी म्हणालो. "लाहसेनचे नव्हते. आळ त्याच्यावर आला आणि मी गप्प बसलो." माटेऊ खाली बघत राहिला.

लाहसेनने कात्र्या वाटल्या. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या हातात कात्री नव्हती, रिकामी बादली होती.

"काका, आज जमिनीवरची तुम्ही उचला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ती खड्ड्यात टाकायची असतात."

मी बादली घेतली आणि त्याच्या मागून ओळीत शिरलो. संध्याकाळपर्यंत वाकलेलाच होतो.