आजोबांची हिरवी रांग

"आजोबांची रांग बघा ताई, एकसुद्धा लाल चौकोन नाही!" पडद्यावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली. ती तिच्या भाषेत बोलत होती. खाली अक्षरं मराठीत उमटत होती.

ताईनं रांग शेवटपर्यंत सरकवून पाहिली; कालचा चौकोनही हिरवाच होता. आजोबा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन महिना होत आला होता.

ताईचा हा ऑनलाइन वर्ग दोन देशांतल्या मुलांचा. दोन्हीकडची मुलं मिळून म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणारं ॲप लिहीत होती. वेळ झाली की ते वाजायचं. गोळी घेऊन बटण दाबलं की त्या माणसाच्या रांगेत एक चौकोन हिरवा, नाहीतर लाल. पहिले गिऱ्हाईक वडीलच. "तुमचं यंत्र आमच्या हिच्यापेक्षा जास्त ओरडतं रे," असं ते मुलांना चिडवायचे, आणि मुलं खिदळायची. पुढच्या आठवड्यात ॲप एका दवाखान्याच्या हाती जाणार होतं, आणि ते चालतं याचा दाखला म्हणून मुलं आजोबांचीच रांग पुढे करणार होती.

वडील गेले तेव्हा ताईनं घरची अडचण एवढंच कळवून वर्ग सहकाऱ्याकडे सोपवला होता. आज ती परतली होती. खरं काय ते कुणाला सांगायला तिची जीभच रेटली नव्हती.

"आलेच," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडी पुसत होती. टॅबलेट डब्यांना टेकवून ठेवलेला.

"आई, बटण तू दाबतेस?"

"मग काय, वाजत ठेवू?"

"बंद करायचं ना."

"तू का नाही केलंस?"

ताईनं डब्यांना टेकलेला टॅबलेट उगाच सरळ केला.

"लाल झालं असतं तर ती पोरं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून डोकं धरून बसली असती," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी कबूल केलं होतं त्यांना, एकही गोळी चुकवणार नाही म्हणून."

"अगं, पण बाबा नाहीत आता."

"मला सांगतेस?"

ताईनं पुसलेली वाटी उचलून फळीवर ठेवली. मग ताई हळूच म्हणाली, "हे दवाखान्यात जाणार आहे, आई. उद्या कुणी खरंच आजारी पडून असेल आणि दुसरंच कुणी बटण दाबत राहिलं, तर डॉक्टरांना सगळं हिरवंच दिसेल."

आईनं फडकं झटकून दांडीवर टाकलं. "चल. मी सांगते. तू रडत बसशील आणि पोरांना काही कळायचं नाही."

आईला पाहून पडद्यावर एकच गलका उठला. "आजी! आजोबांना बोलवा ना!"

"आजोबा वारले, बाळांनो," आई म्हणाली. "त्यानंतर बटण मी दाबत होते. तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं."

अक्षरं उमटली तशी एकेका चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. नेहमी टोपी घालून बसणाऱ्या मुलानं टोपी काढली. इकडच्या मुलांनी माना खाली घातल्या. चष्मेवाली म्हणाली, "मग त्यांच्या रांगेचं काय करायचं?"

ॲपमध्ये माणूस जोडायची सोय होती, थांबवायची नव्हती. या वयात ते मुलांना सुचलं नव्हतं. ताईलाही सुचलं नव्हतं.

"करा काय करायचं ते," आई म्हणाली, "पण नीट करा."

वर्गाचा नियम होता: एका देशातल्या मुलांनी लिहिलेलं दुसऱ्या देशानं तपासल्याशिवाय ॲपमध्ये जायचं नाही. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं लिहिलेला कोड तपासणीला आला. इकडचं एकही मूल त्याला हात लावेना. "ताई, तुम्हीच बघा," सगळ्यांनी अंग काढून घेतलं.

ताई वाचायला बसली. माणूस वारला की त्या तारखेला रांग थांबेल. त्याआधीचे चौकोन जसेच्या तसे राहतील, नंतरचे पुसले जातील. मुलीनं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ताईनं पुन्हा वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. कुठेतरी चूक सापडावी, परत पाठवता यावं, आणखी थोडे दिवस निघावेत, म्हणून ती एकेक अक्षर चाचपत होती. आजवर कुणाचं काम तिनं इतकं बारकाईनं तपासलं नव्हतं. चूक कुठेच नव्हती.

"बरोबर आहे का तिचं?" आई मागे येऊन उभी होती.

"हो."

"मग कशाला अडवून ठेवतेस? वाट बघत असेल ती."

ताईनं मंजुरी दिली, वडिलांच्या नावापुढे तारीख घातली. शेवटचे हिरवे चौकोन निघून गेले. आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन टॅबलेटचा चार्जर काढून तो गुंडाळायला लागली.