धागे कापणारी आत्या

मालक कारखाना बंद करून निघून गेला आणि शिवणाऱ्यांनीच तो चालवायला घेतला, तेव्हा सगळ्यात मोठ्या गप्पा कोणी हाणल्या असतील तर कटिंग मास्टरने. यापुढे कोणी कोणाचा नोकर नाही, सगळे सारखे भागीदार! टाळ्या पडल्या. भागीदार कोण, याचा नियमही त्यानेच सुचवला: ज्याच्या हाती मशीन, मग ती इस्त्री का असेना, तो मालक. ऐकायला काय झकास वाटलं होतं!

आणि त्याची आत्या? ती तयार शर्टांचे लोंबते धागे कापायची, मग तेच झाडून काढायची. तिच्याकडे कुठलं आलंय मशीन, एक बोथट कात्री. याच आत्याने जुन्या मालकाच्या हातापाया पडून भाच्याला इथे चिकटवलं होतं.

तिला भागीदार करायचं का, यावर शनिवारी हात वर करायचं ठरलं. तिला मुद्दाम बाहेर पाठवलं. मास्टरचा हात काही मांडीवरून उठेना. स्वतःच्या नात्यातली घुसवली म्हणून लोक नावं ठेवतील, आपलं वजन जाईल. भेकड कुठला! एकच हात वर गेला, इस्त्रीवाल्याचा. कोणाशी धड बोलत नाही म्हणून सगळे त्याला खवीस म्हणायचे.

सोमवारी आत्या आली ती तडक खविसासमोर उभी राहिली.

"एकाने तरी माझ्यासाठी हात वर केला म्हणे. माझा भाचाच तो, दुसरं कोण असणार? तुला रे काय धाड भरली होती? इतकी वर्षं शेजारी बसतोस, लाज नाही वाटली?"

मशिनं थांबली. खविसाने इस्त्री बाजूला ठेवली, एकदा मास्टरकडे बघितलं आणि पुन्हा कॉलर दाबायला घेतली.

मास्टर गप्प राहिला असता तर निभावून गेलं असतं. पण आत्या त्या माणसाला अजून बोलतच होती, आणि ते त्याला ऐकवेना.

"आत्या, त्याला नको बोलूस. तो हात त्याचाच होता."

"आणि तुझा?"

मास्टरने मान खाली घातली. आत्या खविसाकडे वळली. "चुकले रे बाबा," म्हणाली.

मग भाच्याला म्हणाली, "जेवायला येत जा घरी. तुला उपाशी ठेवायची नाही मी. पण माझ्याशी बोलू नकोस."