पूजेत मांडलेला दांडा

मित्रांनो, भिंतीला टेकून उभा असलेला हा काळपट दांडा तुम्हाला सरपणातला वाटेल. वाटू दे. निजामाच्या राज्यात तेर गावात नदीकाठी कापसाचं जिन होतं, तिथं मी कामाला होतो. माझ्या टोकाला बेचकं आहे, ते उगीच नाही.

जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची जागा. बाहेरच्या खोलीत तेलाचं इंजिन धडधडायचं आणि कातडी पट्ट्यांनी आतली मशीनं फिरवायचं. प्रत्येक मशीनला दोन चाकं. पट्टा मोकळ्या चाकावर असला की मशीन झोपलेलं. माझ्या बेचक्यानं तो शेजारच्या चाकावर सरकवला की मशीन जागं.

मला घडवलं खाजामियाँ मिस्त्रींनी, बाभळीचं लाकूड तासून आणि तेल पाजून. त्यांचा एक नियम होता. आधी पट्टा मोकळ्या चाकावर घ्यायचा, कापूस ओढणारे रूळ पुरते थांबू द्यायचे, मग मला काखेत धरूनच हात आत घालायचा. मी खुंटीवर असलो तर आत कोणी नाही. कोणाच्या काखेत असलो तर मशीन चालू करायचं नाही. अख्ख्या जिनात दांडा एकच, म्हणून हे जमायचं.

रुळांत अडकलेला कापूस काढायचं काम कोंडाबाईचं. तिची सहा महिन्यांची लेक दाराबाहेर झोळीत निजलेली असे.

"मिस्त्री, ह्यो दांडा काखंत मारून म्हशी राखाया जाऊ का काय?" ती हसायची.

"म्हशी राख, नाहीतर सवत समजून संभाळ. पण सोडू नको. दांडा हातात नाही, तो हात अंदर नाही. समजी क्या?"

"समजलं की! पन सवतीला काखंत कोन घेतंय, ते बी सांगा."

सात हंगामांत कोणाचं बोटसुद्धा दुखावलं नाही. मग ती खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. मालक महारुद्रअप्पांनी पाने, हातोडे, विळे पाटावर मांडले. मलाही खुंटीवरून काढून धुतलं, हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. मी मनातून फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

मालकांचे सोयरे नळदुर्गाहून आले होते. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, इंजिन लावा. पावन्यांना मशीन फिरताना बघू द्या."

"अप्पा, आज कायकू? दांडा भी पूजेत है."

"इंजिनाला नारळ फोडलाय न्हवं? तुमी इंजिन लावा, पुढचं म्या बघतो."

खाजामियाँ इंजिनाच्या खोलीत गेले. पट्टे मोकळ्या चाकांवर फिरू लागले.

तेवढ्यात मशीनला घातलेला झेंडूचा हार घसरून रुळांत गेला. कोंडाबाई मशीनआड, पलीकडच्या बाजूनं तो काढायला वाकली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. हळदीतला दांडा कसा उचलायचा? आणि दांड्याशिवाय मशीन चालू तरी कोण करणार? तिनं हात आत घातला.

महारुद्रअप्पांनीही माझ्याकडंच पाहिलं. दांडा कोणाच्या काखेत नाही, म्हणजे आत कोणी नाही. त्यांनी दाराच्या तोरणाची बांबूची काठी उपसली आणि पट्टा ढकलला.

मी सगळं पाहत होतो, मित्रांनो. पण मला तोंड नाही.

किंकाळी इंजिनाच्या आवाजात अर्धी बुडाली. अप्पा पट्टा मागं ओढू लागले, पण बांबूला बेचकं नव्हतं. खाजामियाँ धावत आले, त्यांनी मला पाटावरून हिसकावलं आणि पट्टा मागं घेतला. तोवर कोंडाबाईचा उजवा हात मनगटापर्यंत गेला होता. गाडी जुंपून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेताना ती एकच विचारत होती, "लेकीला कोन घेईल?"

ती जगली. दोन महिन्यांनी सरकी निवडायला परत आली. झोळीची गाठ एका हातानं आणि दातांनी मारू लागली. बायका धावल्या, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. रोजच मारायची हाय."

त्या सकाळी खाजामियाँनी मला हातात घेतलं, पण पट्ट्याला लावलं नाही. नुसत्या दांड्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. ते एकेकीला नावानं हाक मारू लागले.

"म्हाळसाबाई?"

"बाहेर हाय."

"हमिदाबी?"

"बाहर हूँ, भाई."

"कोंडाबाई?"

ती समोरच उभी होती, थोटा हात पदराखाली धरून.

"ती तर हितंच हाय की," दारातून महारुद्रअप्पा खाली मान घालून पुटपुटले.

"उसका जबाब आएगा, तबीच चालू होईंगा, अप्पा."

इंजिन धडधडत राहिलं. शेवटी कोंडाबाई म्हणाली, "बाहेर हाय. चालवा."

मित्रांनो, तुमच्याकडं आता माझ्यासारखे दांडे नसतील, बटणं असतील. मशीन बंद केलं तरी ते पुरतं थांबेपर्यंत हात आवरा. चालू करताना एखादी खूण पाहून अंदाज बांधू नका. तोंडानं हाक मारा आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत थांबा. उशीर झाला तर घडीभराचाच होतो. त्या नवमीला कोणी हाक मारली असती, तर रुळांपलीकडून कोंडाबाई एवढंच म्हणाली असती, "थांबा, हात आत हाय."